समुद्रावर हिरवं चालत नाही

ती चटई आम्ही जकार्ताहून अमेरिकेत का आणली, हे आता आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही. अल्फारेटातल्या या घराच्या गराजमध्ये ती ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यामागे उभी होती. निखिल, माझा मुलगा, बाळाच्या खोलीतलं सामान हलवायला जागा करत होता. त्यानं ती गुंडाळी बाहेर ओढली, दोरी सोडली आणि ड्राइव्ह-वेवर झटकून अंथरली. ऊन लागताच तिच्यातून वास यायला लागला. ओलसर गवताचा, लवंगांचा, आणि त्याखाली, अगदी तळाशी, खाऱ्या पाण्याचा.

"वॉव, बाबा, ही तीच ना? पिकनिकवाली?"

वसुधा, माझी बायको, किचनच्या दारात उभी राहून बघत होती. "ती घरात आणू नका," ती म्हणाली. "ट्रॅशमध्ये टाका. आजच्या आज."

"आई, चिल. चटई आहे."

"तुला काय माहीत ती काय आहे ते."

तेवढ्यात सूनबाई बाहेर आली. तन्वी न्यू जर्सीत जन्मलेली, तिथेच वाढलेली मुलगी. तिला सातवा महिना चालू होता आणि दोन आठवड्यांवर डोहाळजेवण आलं होतं. तिनं फोन वसुधापुढे धरला. "आई, बघा ना, मम्मीनं ओक ट्री रोडवरून ही साडी घेतलीय. कसली प्रिटी आहे!"

पडद्यावर हिरवीगार पैठणी होती. वसुधानं नजर बाजूला घेतली.

"लाल घ्यायला सांग."

"पण मम्मी म्हणते, डोहाळजेवणाला हिरवंच असतं. साडी, बांगड्या, सगळं."

"असतं. आपल्या घरात नसतं."

"आई, इट्स जस्ट अ कलर ना?"

वसुधानं निखिलकडे पाहिलं आणि मग तन्वीच्या पोटाकडे. ती नजर मला पाठ आहे. एकदा, फार वर्षांपूर्वी, ती मला म्हणाली होती, "त्या समुद्रानं त्याला परत दिलंय हो. पण तो विसरलेला नाही." तेव्हापासून ती वाट बघते आहे, समुद्राला कधी आठवेल याची. आता घरात नवा जीव येणार म्हटल्यावर तिच्या रात्री पुन्हा जाग्या झाल्या होत्या.

मी चटई गुंडाळत बसलो. हे सगळं मला थांबवता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मी तीसेक वर्षं तोंडात धरून होतो.

जकार्ताच्या आमच्या गटातली जी मंडळी अजून आहेत, त्यांनी त्या रविवारची गोष्ट एका प्रकारे ऐकली आहे आणि पुढे आपल्या मुलांना सांगितलीही आहे. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी अकोल्याकडचा माणूस. कापडगिरण्यांमध्ये इंजिनियर म्हणून उमेदवारी केली आणि मग जकार्ताबाहेरच्या एका सूतगिरणीत नोकरी मिळाली. आठवड्याचे सहा दिवस कानात चात्यांची घरघर आणि नाकात सरकीचा वास. भुवयांवर कापसाचे तंतू बसायचे; घरी आलो की निखिल म्हणायचा, "बाबा म्हातारे झाले." आता खरोखरच भुवया पांढऱ्या झाल्या आहेत आणि कोणी तसं म्हणत नाही.

रविवारी मात्र घरघर थांबायची. ती थांबली की कानांना कसंतरीच वाटायचं, पोकळ. त्या पोकळीत पहाटे पहिला आवाज यायचा तो वसुधाच्या कढईचा. तिखटमिठाच्या पुऱ्या, दहीभात, लिंबाचं लोणचं, आणि वर केळीची पानं, कारण तिकडे ती कुठेही मिळायची. गेटबाहेर ड्रायव्हर गाडी पुसत असायचा आणि लवंग घातलेली सिगारेट ओढत असायचा. ती जळताना तडतडायची. त्या शहराचा वास कोणी विचारला तर मी तोच सांगेन: लवंग, डिझेल, आणि पाऊस पडून गेल्यावरचा गटाराचा गोडसर वास.

तीन-चार मराठी कुटुंबं मिळून आम्ही निघायचो. पुढारीपण कर्णिक काकूंकडे. त्या आमच्या आधी कितीतरी वर्षं तिथे राहिलेल्या, भाषा घोटून प्यायलेल्या. भाजीवाल्याशी हुज्जत घालताना कोणाला वाटलं नसतं की ही बाई मूळची नाशिकची आहे. कुठे जायचं, कोणी काय करून आणायचं, कोणाची मुलं कोणाच्या गाडीत, सगळं त्या ठरवत.

"गेल्या वेळी दहीभात तिघींनी आणला," त्या फोनवर बजावायच्या. "लोकांना वाटेल मराठी माणसाला दुसरं काही येतच नाही."

"काकू, दुसरं आणलं की तुम्हीच म्हणता पोटाला जड झालं."

"ते वेगळं. म्हणायला तरी दुसरं पाहिजे की नको?"

कधी बोगोरच्या बागेत, जिथली झाडं इतकी उंच की मान मागे टाकून बघताना चक्कर यायची. कधी डोंगरावर, चहाच्या मळ्यांत. तिथे धुकं खिडकीतून आत यायचं आणि रस्त्याच्या कडेला बाया कणसं भाजत बसलेल्या असायच्या. लोणी आणि मिरची चोपडलेलं कणीस हातात आलं की निखिल बोलणं बंद करायचा. पोहोचलं की आधी चटया अंथरायच्या. चपला काठावर काढायच्या. मुलांना चटईबाहेर जायला परवानगी लागायची, आणि ती कोणी मागत नसे.

वसुधाच्या केसांत तिथला चाफा असायचा. आमच्या मोलकरणीला ते बघवत नसे, कारण तिकडे तो दफनभूमीत लावतात. वसुधा हसायची. "आमच्याकडे देवाला वाहतात," ती म्हणायची. तेव्हा ती अशा गोष्टींना हसायची. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण निखिलला त्याची हसणारी आई फारशी आठवत नसणार.

या सगळ्या रविवारांत मी घाबरलेला असायचो. हे कोणाला माहीत नव्हतं. तळं असो, स्विमिंग पूल असो, मला पाण्याजवळ उभं राहवत नाही. आमच्या गावी पोरांना पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलत आणि पोहायला शिकवत. माझी पाळी आली की मी कडब्याच्या गंजीत जाऊन लपायचो. त्या विहिरीचा गारवा, आत पडणाऱ्या पोरांचा घुमणारा आवाज आणि पायऱ्यांवरचं शेवाळ आजही अंगावर येतं. मोठा झालो, इंजिनियर झालो, परदेशी आलो, आणि ती भीती मी शिक्षणाखाली झाकून टाकली. पूलवर गेलो की वर्तमानपत्र उघडायचो. "वाचू द्या मला," म्हणायचो. सगळ्यांना वाटायचं, अभ्यासू माणूस आहे.

त्या वर्षी वसुधा धाकट्या बहिणीच्या लग्नाला देशी जाऊन आली. येताना दोन्ही हात भरून हिरवा चुडा घेऊन आली, काचेचा. चालली की किणकिण व्हायची. ती घरात कुठे आहे ते न बघता कळायचं. पुढच्याच आठवड्यात कर्णिक काकूंनी दक्षिणेच्या समुद्रावरची, एका रात्रीच्या मुक्कामाची सहल ठरवली. जकार्ताजवळचा समुद्र शांत, तळ्यासारखा. दक्षिणेचा तसा नाही. तो मोकळा महासागर. तिथली वाळू करडी, आणि लाट मागे जाताना पायाखालची जमीन ओढून नेते.

"वसुधा, एक सांगू?" काकू म्हणाल्या. "जाताना हा चुडा काढून ठेव. तिकडच्या समुद्रावर हिरवं चालत नाही. हिरवा रंग त्या समुद्राच्या राणीचा. जो घालून जाईल त्याला ती घेऊन जाते म्हणतात."

"अहो काकू, लग्नाचा चुडा. असा कसा काढू? आपोआप वाढेल तेव्हा वाढेल." काचेची बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

"मी काही मानत नाही गं. पण इतकी वर्षं इथे राहिले, इथलं पाणी प्यायले. म्हणून सांगितलं."

मी मध्येच म्हणालो, "त्या राणीसाहेबांना निरोप द्या काकू, आमच्या घरात आधीच एक राणी आहे. दोन परवडणार नाहीत." सगळे हसले. वसुधाही हसली, आणि चुडा हातात राहिला.

समुद्र दिसण्याआधी त्याचा आवाज आला. गाडीच्या काचा वर असतानाही तो पोटात जाणवत होता. उतरलो तर वारा असा की चटया उडायला लागल्या. चारी कोपऱ्यांवर डबे ठेवले. आकाश पांढरं, पाणी शिशासारखं. कोळी लोक नावा ओढून घेऊन बसले होते, जाळी विणत. एका टपरीत मासे भाजत होते आणि त्याचा धूर आडवा पळत होता.

बायका पानं मांडत होत्या. निखिल सहा वर्षांचा. त्याला पाण्यात पाय बुडवायचे होते.

"जा बाबांबरोबर," वसुधा म्हणाली. "अहो, हात धरा हं त्याचा."

"धरलाय," मी म्हणालो.

आम्ही ओल्या वाळूपर्यंत गेलो. मग थोडं पुढे. फेस त्याच्या घोट्यांना लागला आणि तो किंचाळला, आनंदानं. "अजून, बाबा, अजून." माझ्या विजारीचे पाय ओले झाले होते. त्याचा हात माझ्या उजव्या हातात होता, छोटा, गरम, वाळूनं खरखरीत. मी समोर पाहिलं. एक लाट उभी राहत होती. अजून लांब होती. मोठी होती का, ते मला आता खरंच सांगता येणार नाही. त्या वेळी ती मला विहिरीच्या भिंतीसारखी दिसली.

मी त्याचा हात सोडला आणि मागे पळालो.

तेवढंच घडलं. कोरड्या वाळूवर पोहोचल्यावर मला कळलं की माझा हात रिकामा आहे. वळलो तेव्हा लाट फुटली होती आणि निखिल जिथे होता तिथे फक्त पांढरं होतं. मी ओरडलो. ओरडलो, पण पुढे गेलो नाही. जाळी विणणारा एक माणूस माझ्या शेजारून गेला, इतक्या जवळून की त्याच्या अंगाचा माशांचा वास मला लागला. त्यानं मुलाला दुसऱ्या लाटेतून काढलं, पाय धरून, कोंबडी धरावी तसं. निखिल पाणी ओकला, खोकला, आणि रडला. ते रडणं ऐकून सगळे बसले, होते तिथेच, वाळूत.

"लाटेनं ओढून नेला," मी म्हणालो. "माझ्या हातातून. ओढूनच नेला."

कोणी शंका घेतली नाही. का घेतील?

टपरीवाली म्हातारी गरम पाणी घेऊन आली. निखिलला पाजताना तिची नजर वसुधाच्या मनगटांवर गेली. ती थांबली. तिनं बोट दाखवलं, बांगड्यांकडे, मग समुद्राकडे, आणि जिभेनं चक् असा आवाज केला. कर्णिक काकूंनी मान खाली घातली. वसुधा आपल्या हातांकडे बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कोणाचे हात असावेत.

त्या संध्याकाळी हॉटेलच्या बाथरूममध्ये ती एकेक बांगडी काढत होती. साबण लावून, अंगठा आत दाबून, एकही वाढू न देता. नळ चालू होता. काच टाइल्सवर ठेवल्याचा आवाज मी बाहेर पलंगावर बसून ऐकत होतो. निखिल झोपला होता, श्वास घेताना घरघरत होता. ती बाहेर आली. मनगटं सोललेली, लाल.

"अहो," तिनं विचारलं, "बांगड्यांमुळेच का हो?"

मी देव न मानणारा माणूस. लग्नात सप्तपदीच्या वेळी भटजींना लवकर आटपा म्हणणारा. मी नाही म्हणालो असतो तर तिनं नाही मानलं असतं. माझ्याकडे विज्ञान होतं, आवाज होता, आणि तिचा माझ्यावर विश्वास होता.

"असेल," मी म्हणालो. "कोण जाणे."

ज्यानं आयुष्यात कशालाच असेल म्हटलं नाही, त्यानं म्हटलं. म्हणून तिनं ते धरलं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. शहरं बदलली, देश बदलला. वसुधा कुठल्याच पाण्याजवळ गेली नाही आणि घरातून हिरवा रंग गेला. पडदे नाहीत, उशा नाहीत, साडी तर नाहीच. माझ्या निवृत्तीनंतर आम्ही निखिलकडे राहायला आलो, तेव्हा त्याला हा सगळा विनोद वाटायचा. "आई, तुझं कार्ड तरी ग्रीन आहे ना? तेवढं चालेल?" ती म्हणायची, "कोथिंबीर पण चालते. तू हस." त्याच्या लग्नात वरमाय म्हणून तिला चुडा भरायला बांगडीवाली बसली, तेव्हा तिनं लाल मागितल्या. बायका कुजबुजल्या. मी सगळं ऐकलं आणि मंडपाबाहेर जाऊन उभा राहिलो.

माझ्याकडेही एक भीती राहिली, आणि ती तिच्या भीतीसारखी उघड नव्हती. मी पुन्हा कधी निखिलचा हात धरून रस्ता ओलांडला नाही. त्याला हळूच तिच्या बाजूला सरकवायचो. मला माझ्या हाताची खात्री नव्हती. अजून नाही. हल्ली तन्वी आनंदानं म्हणते, "बेबी आलं की बाबा त्याला लायब्ररीत स्टोरी टाइमला नेतील," तेव्हा मी मान हलवतो आणि डोळ्यांपुढे पार्किंग लॉट येतो, मागे येणाऱ्या गाड्या, आणि माझा उजवा हात.

चटई निघाली त्या दुपारी निखिल आणि तन्वी डॉक्टरांकडे गेले होते. वसुधा डायनिंग टेबलावर मेथी निवडत होती. तन्वीच्या आईनं, मीनाताईंनी, न्यू जर्सीतल्या एडिसनहून दोनदा फोन केला होता. पहिल्यांदा समजुतीनं, दुसऱ्यांदा जरा तोऱ्यात: "आमच्या मुलीचं पहिलं डोहाळजेवण आहे हो, हिरव्याशिवाय कसं करायचं?" फोन ठेवून वसुधा देवाजवळ जाऊन बसली होती. आता ती परत मेथीपाशी आली होती.

मी समोर बसलो.

"वसुधा, त्या दिवशी लाटेनं नाही नेलं त्याला."

"कोणाला?"

"निखिलला. मी सोडला. लाट बघून घाबरलो आणि हात सोडून पळालो."

तिनं एक काडी उचलली, पानं खुडली, काडी बाजूला ठेवली. दुसरी उचलली. फ्रिजची घरघर मला ऐकू येत होती.

"लाट येऊन आदळल्यावर," तिनं विचारलं, "की यायच्या आधी?"

हा प्रश्न मला कधी सुचलाही नव्हता, इतकी वर्षं. ती एका क्षणात तिथे पोहोचली.

"आधी."

"किती आधी?"

"मी कोरड्या वाळूवर पोहोचलो होतो."

आणखी एक काडी. "आणि मी संध्याकाळी विचारलं, तेव्हा तुम्ही असेल म्हणालात."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी त्याच्या प्रत्येक तापात तुमच्या शेजारी बसून देवाला सांगत होते की माझ्या हातून चूक झाली, मला ने. तुम्ही ऐकत होतात."

मी टेबलावर पडलेल्या काड्या गोळा करत राहिलो.

तिनं मेथी कागदात गुंडाळली, हात धुतले, पुसले. मग फोन उचलला.

"कोणाला करतेस?"

"मीनाताईंना. हिरवंच आणा म्हणून सांगते." आवाज कोरडा होता, बँकेत बोलतात तसा.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर काहीतरी मोकळं होईल. तसं झालं नाही. डोहाळजेवणाच्या दिवशी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये झोपाळा फुलांनी सजवला होता. तन्वी हिरव्या पैठणीत बसली होती, फुलांचे दागिने घालून, लाजत आणि हसत. बायका ओटी भरत होत्या, एकमेकींना चिडवत होत्या.

"मुलगा की मुलगी, बोला पटकन!"

"काकू, नो गेसिंग, आम्हाला सरप्राइज हवंय!"

"अगं सरप्राइज कसलं, पोट सांगतंय."

मीनाताईंनी वसुधापुढे डबा उघडला. "विहीणबाई, हात द्या." वसुधानं हात पुढे केला. पहिली बांगडी मनगटावर उतरली तशी ती दचकली. दुसरीला दचकली. तिसरीला तिनं डोळे मिटले. इतकी वर्षं अंगात मुरलेली भीती खरं ऐकून निघून जात नाही, हे मी भिंतीशी उभा राहून पाहत होतो. तिनं हात मात्र मागे घेतला नाही. दोन्ही हात भरून झाल्यावर तिनं तन्वीच्या डोक्यावर हात ठेवला आणि किणकिण झाली. तो आवाज ऐकताच मी खुर्ची शोधून बसलो.

पुढच्या रविवारी निखिल म्हणाला, "लेकवर जाऊ या. तन्वीला फ्रेश एअर. आई, तू नाही येणार ना, वॉटर आहे."

"येते," वसुधा म्हणाली.

जाताना वाटेत गॅस भरायला थांबलो. बायका आत बाथरूमला गेल्या तेव्हा गाडीत आम्ही दोघंच होतो. मी निखिलला सांगितलं. मागच्या सीटवरून, त्याच्या मानेकडे बघत. त्यानं आरशात माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, आय डोन्ट इव्हन रिमेंबर. मला फक्त आठवतं की नंतर मला कॉर्न मिळाला. दोन. कोणी नाही म्हटलं नाही." तो हसला. मग हसू थांबलं. त्याची बोटं स्टिअरिंगवर वाजत राहिली. "बाबा."

"हं."

"तसं कोणाचंही होऊ शकतं का? आय मीन... माझंपण?"

मला नाही म्हणायचं होतं. पण मागे एकदा मी सोयीचं उत्तर दिलं होतं. "माहीत नाही रे," मी म्हणालो. त्यानं मान हलवली आणि आपला उजवा हात उलटा करून पाहिला. तेवढ्यात तन्वी चिप्सचं पाकीट घेऊन आली आणि तो विषय तिथेच राहिला.

तळं शांत होतं. पाइनच्या झाडांचा वास, ग्रिलचा धूर, लांबवर मोटरबोटीचा आवाज. लाटा अशा नव्हत्याच, काठाशी पाणी नुसतं हलत होतं. तरीही मी सवयीनं मागे राहिलो, जिथे गवत संपतं तिथे. तन्वी फोल्डिंग खुर्चीत बसली. निखिल गाडीतून कूलर काढत होता.

वसुधा चालत पुढे गेली. तिनं चपला काढल्या. साडी एका हातानं वर धरली. काठावरचे दगड शेवाळलेले होते आणि तिथून पाण्यात उतरायला एक छोटी, घसरती पायरी होती. ती पायरीच्या तोंडाशी थांबली. तिचे खांदे वर आले होते. ती घाबरली होती, मागून बघूनही कळत होतं. हातातल्या बांगड्या बारीक वाजत होत्या, वाऱ्याशिवाय.

मला काय झालं कोणास ठाऊक, मी पुढे गेलो. गवत ओलांडून, माती ओलांडून, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. पाणी माझ्या बुटांपासून एका हातावर होतं. मी उजवा हात थोडा पुढे केला.

तिनं तो पाहिला. मग मान वळवली, मागे, गाडीच्या दिशेनं.

"निखिल, हात दे रे. उतरायचंय."

"आई, बाबा आहेत ना तिथे!" निखिल लांबून ओरडला.

"तू ये," ती म्हणाली.

कूलर खाली ठेवून निखिल आला.